रोहीत शिरण्यापूर्वी

जयपूरच्या प्रताप नगरात आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे. चहूकडे हाउसिंग बोर्डाची घरे, कोचिंग क्लासच्या पाट्या, टोंक रोडकडे धावणाऱ्या ई-रिक्षा, आणि मध्ये हा वाळूचा तुकडा कसा कोण जाणे राहून गेलेला. त्यात एका छोट्या उंचवट्यावर कैराचे झुडूप आहे. आपल्याकडे त्याला नेपती म्हणतात. उंची जेमतेम माणसाच्या छातीपर्यंत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते हिरव्या तारांचे भेंडोळे वाटते, कारण त्यावर पाने शोधूनही सापडत नाहीत. चैत्र लागला की या तारांवर विटकरी-लाल फुलांचे घोस येतात. ऊन चढायच्या आत तिथे जाऊन उभे राहिले की शिंजीर एकामागून एक येऊ लागतात. काळ्या शिरांची पांढरी फुलपाखरे कोवळ्या फुटव्यांवर पिवळसर अंड्यांचे पुंजके चिकटवून जातात. मग फुलांच्या जागी हिरवी, वाटाण्याहून थोडी मोठी फळे धरतात. बाजारात लोणच्यासाठी येते ते केर म्हणजे हीच फळे. तोडायची राहिली तर वैशाखाच्या उन्हात ती लालबुंद पिकतात, आणि मग बुलबुलांची चंगळ.

मागे एकदा जागेच्या मालकाने सांगितले, "प्लॉट साफ करून घेतोय." जेसीबी आला, तासाभरात कैर, रुई, झडबेरी, खींप सगळे एका ढिगात गेले. पावसाळ्यात कैर मुळापासून पुन्हा फुटला. मालक सज्जन गृहस्थ आहेत, झाडांवर त्यांचे प्रेम आहे, दारात त्यांनी अशोक आणि गुलमोहर लावले आहेत. त्यांनी झाड तोडले असे त्यांना वाटलेच नाही. कचरा काढला, एवढेच वाटले.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसले आणि त्या "साफ" या शब्दापासून पुढे सरकेना. कारण या पुस्तकाचा विषय आहे तो नेमका असा, डोळ्यांसमोर असून न दिसणारा: वाळवंटी झुडूपरान, त्यातल्या वनस्पतींचा समाज, आणि तो समाज जिथे वसतो त्या जागा. जंगल म्हटले की आपल्या मनात उंच झाडे, सावली, ओल येते. वाळवंट म्हटले की नुसती वाळू आणि उंट येतात. या दोन चित्रांच्या मधे जे आहे त्याला मनात जागाच नाही. राजस्थानातल्या जुन्या माणसांकडे मात्र त्याला शब्द आहे: रोही. गावाबाहेरचे, काट्याकुट्यांचे, गुरे चरतात ते रान. हा शब्द मी इथे येऊन शिकले, आणि मराठीत तो तसाच वापरावा असे माझे मत आहे.

जयपूर वाळवंटात नाही, हे आधीच सांगून टाकते. अरवलीच्या पश्चिमेला थर, पूर्वेला आपण. जयपूरला वर्षाकाठी साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो, जैसलमेरला 200 देखील नाही. पण अरवली ही काही अखंड भिंत नव्हे. तिच्या खिंडींतून हजारो वर्षे पश्चिमेची वाळू इकडे येत राहिली आणि डोंगरांच्या पायाशी साठत गेली. नाहरगडच्या पायथ्याशी आजही जुने टीबे, म्हणजे वाळूचे डोंगर आहेत. त्यामुळे या शहरात दोन जगे एकमेकांत मिसळलेली दिसतात. झालाना आणि नाहरगडच्या उतारांवर धोक, म्हणजे आपल्या धावड्याचा चुलतभाऊ. आणि खाली वाळूत खेजडी, कैर, खींप, सणिया. थरचे रान शिकायला जैसलमेरपर्यंत जाण्याची गरज नाही. ते सांगानेरच्या वेशीपर्यंत स्वतः चालत आलेले आहे.

लांबून हे सगळे रान एकसारखे, मातकट दिसते. जवळ गेले की त्याचे मोहल्ले कळू लागतात. हलत्या वाळूच्या टीब्यावर फोग असतो, पश्चिमेकडे तर तोच राजा. बरोबर खींप आणि सणिया. वाळू स्थिर झालेल्या सपाटीवर खेजडी, खाली झडबेरी आणि कैर. मगऱ्यावर, म्हणजे खडकाळ टेकाडावर, थोर, कुमट आणि गुग्गुळ. पाणी साचून सुकते आणि खार वर येतो अशा सखल जागी, सांभर सरोवराच्या काठासारख्या, लाणा-लाणीसारखी मांसल पानांची खारझुडपे. जुन्या नदीपात्रांत, जरा चिकणमाती असली की जाळ, म्हणजे पिलू. एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात जायला कधी दहा पावलेही पुरतात, कारण इथे पावसाइतकाच निर्णय जमीन देते: कण किती बारीक, खाली मुरूम किती खोल, खार किती. जमिनीवरून वनस्पती ओळखणे आणि वनस्पतीवरून जमीन ओळखणे हे धनगराला येते, विहीर खणणाऱ्याला येते. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला ते यायला वेळ लागतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

या वनस्पती जगतात कशा, हा पुस्तकाचा सगळ्यात रसाळ भाग आहे, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. वसंतातसुद्धा ज्याला पान येत नाही असे अभागी झाड म्हणून करीराचा, म्हणजे याच कैराचा, दाखला संस्कृत सुभाषितांत येतो. वसंताचा दोष नाही, करीराचे नशीबच खोटे, असा त्याचा रोख. मला त्या कवीला हाताला धरून आमच्या प्लॉटवर न्यावेसे वाटते. कैराची फांदी हेच त्याचे पान आहे. हिरवी साल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. रुंद पाने म्हणजे पाणी उडून जाण्याच्या हजार वाटा. कैराने त्या बंद केल्या आहेत. फक्त कोवळ्या फुटव्यावर थोडे दिवस बारीक पाने येतात आणि गळतात. खींपाचेही तेच, फोगाचेही जवळजवळ तेच. रुई दुसरा मार्ग धरते: मोठी पाने ठेवते, पण त्यांवर मेणचट लव चढवते आणि अंगात असा चीक भरते की बकरीही तोंड लावत नाही. खेजडीचे मूळ खूप खोल जाते, इतके की भर उन्हाळ्यात, आजूबाजूचे सगळे वाळलेले असताना, तिला नवी पालवी फुटते. वाळवंटातल्या माणसाला खेजडी देवासारखी वाटते याचे कारण त्या वैशाखातल्या पालवीत आहे.

झुडूप वाऱ्यालाही कामाला लावते. वारा वाळू घेऊन येतो, झुडपापाशी त्याचा वेग मंदावतो, वाळू खाली बसते. हळूहळू बुंध्याभोवती उंचवटा तयार होतो. त्या उंचवट्यात पालापाचोळा अडकतो, शेळ्यांच्या लेंड्या अडकतात, बी अडकते, थोडी ओल टिकते. मग त्याच्या आडोशाला गवत उगवते, सरडा बीळ करतो, मुंग्या येतात. दोन झुडपांमधली जी उघडी जागा आपल्याला टक्कल वाटते तिच्यावरही बारीक शेवाळ-बुरशांची पापडी असते, आणि ती वाळूला धरून ठेवते. म्हणजे ही मोकळी जागा रिकामी नाही. दोन झुडपांतले अंतर म्हणजे त्यांच्या मुळांनी पाण्याची केलेली वाटणी आहे. तिथे खड्डा खणून तिसरे झाड लावले तर तिघांचीही तहान भागत नाही.

या रानाने माणसालाही पोसले आहे. केर-सांगरीची भाजी आज लग्नांच्या पंगतीत महागडा पदार्थ म्हणून वाढतात, पण ती दुष्काळाच्या स्वयंपाकघरातून आली आहे. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, उकडून वाळवलेल्या. त्यात केर, कुमटाच्या बिया, गुंदा आणि आमचूर घातले की पंचकुटा होतो. वर्षभर टिकतो, पाण्यात भिजत घातला की जेवण तयार. फोगाच्या कळ्या दह्यात घालून रायते करतात. झडबेरीचा वाळलेला पाला उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्यांचा चारा होतो. जोहरी बाजारात सांगरीचा भाव ऐकून नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांना मी नेहमी सांगते की ही भाजी शेतात पिकत नाही, कोणीतरी काट्यांत हात घालून तोडलेली असते.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो त्या झाडाला जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 साली अमृतादेवींसह 363 बिश्नोई मंडळींनी कवटाळले आणि प्राण दिले. राजस्थानने 1983 मध्ये तिला राज्यवृक्ष केले. पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या आवारात कान्होपात्रेचे झाड म्हणून जे दाखवतात ते तरटीचे, आणि तरटी कैराच्याच कुळातली, काटेरी. वारीला जाणाऱ्या लाखो माणसांनी या कुळाला नकळत हात जोडलेले आहेत. राजस्थानातला गोडावण म्हणजे आपला माळढोक. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये अभयारण्य झाले, ते माळासाठीच. ओरण म्हणजे देवराई. शब्दही अरण्यावरूनच आलेला. माण, सांगोला, कर्जत, बारामतीच्या माळावर हिवर, बोर, बाभूळ आणि कुसळी गवतात वाढलेल्या माणसाला जयपूरच्या रोहीत उतरल्यावर आपल्या मावशीच्या गावी आल्यासारखे वाटते. मला तरी वाटले.

या विषयाचा अभ्यास कसा घडत गेला हे नवख्या वाचकाला थोडक्यात माहीत असावे, कारण पुढच्या प्रकरणांत त्यातल्या वादांचे पडसाद आहेत. सुरुवात याद्यांनी झाली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख जॉर्ज किंग यांनी 1878 च्या सुमारास राजपुतान्याच्या वनस्पतींची रूपरेषा लिहिली. पहिला भरीव ग्रंथ मात्र मुंबईतून आला. सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी हालबर्ग जोधपूर-जैसलमेर भागात हिंडले, आणि त्यांचे भारतीय वाळवंटाच्या वनस्पतींवरील काम 1918 ते 1921 या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही त्या कॉलेजात आहे. थरच्या अभ्यासाची एक मोठी वाट मुंबईच्या धोबीतलावावरून, या कॉलेजातून निघते याचा मला फार अभिमान वाटतो. पुढे जोधपूर विद्यापीठातले एम. एम. भंडारी यांनी 1978 मध्ये त्याच विषयावरचा ग्रंथ नव्याने दिला, आणि रानात उतरणारा विद्यार्थी आजही तोच पिशवीत टाकतो.

याद्या झाल्यावर प्रश्न आला तो समाजाचा. कोणती झुडपे कोणाबरोबर राहतात, आणि का? इथे दोन विचार समोरासमोर आले. अमेरिकी परंपरा सांगत होती की प्रत्येक प्रदेशातले रान एका अंतिम अवस्थेकडे वाटचाल करत असते. झुडपे ही वाटेतली पायरी, शेवटी जंगलच येणार. फ्रान्सच्या मोंपेल्ये इथली परंपरा म्हणे की आधी मोजा: चौकोन आखा, कोण किती आहे ते लिहा, सोबतीने राहणाऱ्यांचा गट ओळखा, अंदाज नंतर. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले एफ. आर. भरुचा मोंपेल्येला शिकून आले आणि त्यांनी ही दुसरी शिस्त आपल्याकडे रुजवली. वनखात्यावर मात्र पहिल्या विचाराचा पगडा राहिला. चॅम्पियन आणि सेठ यांनी 1968 मध्ये केलेले वनप्रकारांचे वर्गीकरण आजही प्रमाण मानले जाते. त्यात काटेरी वनांना स्वतंत्र गट आहे, ही त्याची थोरवी. पण त्यातल्या अनेक झुडूपरानांच्या नावापुढे "ऱ्हास झालेले" हा शिक्का बसला, आणि तो पुढे कागदोपत्री पक्का होत गेला. माझ्या मते या विषयाचे सगळ्यात मोठे नुकसान त्या शिक्क्याने केले. काही झुडूपराने खरोखर तोडलेल्या जंगलांचे अवशेष आहेत, हे खोटे नाही. पण सगळीच तशी नाहीत, आणि कोणती कशी हे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर तिसरा प्रवाह आला, वाळवंट थोपवण्याचा. 1959 मध्ये जोधपूरला केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था उभी राहिली. टीबे कसे बांधावेत, चारा कसा वाढवावा, कोणत्या जमिनीत काय टिकेल, यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी केलेले काम अमोल आहे. या पुस्तकातली निम्मी माहिती त्यांच्या खांद्यावर उभी आहे. त्या काळाच्या घाईत इस्रायली बाभळीसारखी परदेशी झाडेही आली. त्याआधीच विलायती बाभूळ आलेली होती, आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो ती. जोधपूर संस्थानाने 1940 मध्ये तिला शाही झाडाचा मान दिला, तोडायला बंदी घातली. हेतू चांगला होता: सरपण हवे होते, हिरवळ हवी होती. तिने दोन्ही दिले आणि बदल्यात जमीन घेतली. तिच्या सावलीत कैर धरत नाही, गवत धरत नाही. तोडली तर बुंध्यातून दहा फांद्या फुटतात. इथे लोक तिला बावळिया म्हणतात, आणि आमच्या प्लॉटवरही कैराशेजारी तिचे रोप डोके वर काढून आहे.

अलीकडचा प्रवाह "ऱ्हास झालेले" या शिक्क्याशीच भांडतो आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहचित्रांवरून देशातल्या कोरड्या, मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा केला. या परिसंस्था देशाच्या सुमारे एक दशांश भूमीवर आहेत असे त्यातून दिसले, आणि सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत त्यांतल्या कितीतरी "ओसाड" म्हणून रंगवलेल्या होत्या. 2025 मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी वेगळाच साक्षीदार उभा केला: मध्ययुगीन मराठी साहित्य. जुन्या ओव्यांत, कथांत, स्थळवर्णनांत येणारी झाडे त्यांनी मोजली आणि पश्चिम महाराष्ट्राचा माळ निदान साडेसातशे वर्षे माळच आहे असे दाखवून दिले. जंगल तोडून तो झाला, ही समजूत त्यामुळे डळमळली. आपल्या संतांनी आणि महानुभावांनी पाहिलेला काटा त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवला होता. आपणच तो वाचायचे विसरलो.

दुरुस्तीचे एक उदाहरण जयपुरातच आहे. नाहरगडच्या पायथ्याच्या टीब्यांवर, सुमारे 64 हेक्टरांत, किशन बाग उभी केली गेली, 2021 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. जोधपूरच्या मेहरानगडाखालचे राव जोधा डेझर्ट रॉक पार्क घडवणाऱ्या प्रदीप क्रिशन यांचा तिच्यामागे हात आहे. तिथे हिरवळीचे गालिचे नाहीत, कारंजी नाहीत. खींप आहे, सणिया आहे, गवते आहेत, धोकाची रोपे आहेत. पहिल्यांदा नेलेले पाहुणे विचारतात, "बाग कुठे आहे?" तासाभराने, सूर्य कलताना गवताचे तुरे उजळले की तेच गप्प होतात.

हे सगळे आत्ता का सांगायचे? कारण निर्णय आत्ता होत आहेत. प्रताप नगरपासून फार दूर नाही, विमानतळाच्या बाजूला डोल का बाढ म्हणून सुमारे शंभर एकरांचा हिरवा पट्टा आहे. उद्योगासाठी घेतलेली जमीन वर्षानुवर्षे तशीच राहिली आणि त्यावर आपोआप रान वाढले. तिथे बांधकाम येणार म्हटल्यावर जयपूरकर रस्त्यावर आले. बिकानेरकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी खेजड्या तुटत आहेत, आणि लोक धरणे धरून बसत आहेत. सौरऊर्जा हवीच आहे, तिच्याविरुद्ध मी नाही. पण "इथे काहीच नव्हते" असे म्हणून पट्टेच्या पट्टे सपाट करणे मला मान्य नाही. वनसर्वेक्षणाच्या अहवालात दहा टक्क्यांहून विरळ छत असलेल्या वनजमिनीला झुडपी म्हणतात आणि ती वनाच्छादनात धरत नाहीत. म्हणजे निरोगी रोही कितीही निरोगी असली तरी आकडेवारीत तिला गुण शून्य, आणि तिच्या जागी निलगिरी लावली तर गुण वाढतात. न्यायालये मात्र जागी होत आहेत. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांची मोजणी करून त्यांना वन म्हणून संरक्षण देण्यास सांगितले. मे 2025 मध्ये त्याच न्यायालयाने विदर्भातल्या झुडपी जंगलांना, 86,000 हेक्टरांहून अधिक जमिनीला, वनाचा दर्जा असल्याचे मान्य केले. आपल्या महसुली दप्तरातला "झुडपी" हा साधा मराठी शब्द सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात जाऊन बसला. ज्या दिवशी ते वाचले त्या दिवशी मी हे पुस्तक मराठीतच व्हावे असा हट्ट धरला.

हा संग्रह वनस्पतिकोश नाही. ओळखीसाठी चित्रे आणि वर्णने आहेत, पण मांडणी कुळांनुसार केलेली नाही. ती जागांनुसार आहे. वाचकाने टीब्यावर उभे राहून टीब्याचे पान उघडावे, मगऱ्यावर मगऱ्याचे. लेखकांत वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत तशा स्वयंपाकावर लिहिणाऱ्या बाई आहेत, मेंढपाळांबरोबर चाललेले एक जण आहेत. त्यांची मते जुळत नाहीत. विलायती बाभूळ मुळासकट उपटावी की गरिबाच्या चुलीसाठी ठेवावी यावर दोन लेख समोरासमोर उभे आहेत, आणि संपादकांनी ते तसेच राहू दिले हे चांगले केले. गवतांवरचा भाग मला अपुरा वाटतो. सेवण आणि धामण यांना आणखी पाने मिळायला हवी होती. रोही झुडपांइतकीच गवतांची आहे.

नावांबद्दल एक सांगायला हवे. शास्त्रीय नावे दिली आहेत, पण मथळ्यात स्थानिक नाव आहे आणि त्याखाली मराठी. ही नावे गोळा करताना मी सांगानेरच्या पलीकडे एका मेंढपाळ आजोबांबरोबर दुपारभर फिरले. झुडपे दाखवत गेले, ते नावे सांगत गेले. एका बारक्या, राखाडी, कापसासारख्या तुऱ्यांच्या झुडपाशी थांबून विचारले, तर म्हणाले, "बुई है, बाईसा." मग खाली बसले, मूठभर तुरे ओरबाडले, चोळून पांढरा कापूस माझ्या हातावर ठेवला आणि सांगितले की त्यांच्या आईने याच्या उशा भरल्या होत्या. त्या पानावर बुईच्या मराठी नावाची जागा आम्ही मोकळी ठेवली आहे. नगर-सोलापूरकडच्या कोणाच्या आजीला ठाऊक असेल तर तिने ती पेन्सिलीने भरावी.